फेटा उतरवल्याचा खुलासा

तिकोणा पेठ,
९ डिसेंबर २०२४

सीतारामराव व्याही,

कुरवंड्याच्या सगळ्या मंडळींना आमचा राम राम. विहीणबाई हिराबाईंना वेगळा, कारण लग्नाच्या गडबडीत त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे राहून गेले.

फोन सोडून हा माणूस पत्र का लिहितोय, असं वाटेल. माझे दोन्ही कान आता नुसते टोपी अडकवायला उरलेत. फोन लावला की आत कुणीतरी जातं फिरवतंय एवढंच ऐकू येतं, आणि मी आपला 'बरं बरं' म्हणत राहतो. मागं असंच 'बरं बरं' म्हणून एका पाहुण्याला आमचा पांढरा बैल देऊन बसलो. तेव्हापासून महत्त्वाचं असेल ते लिहूनच. पुतण्या नथूची जीप पवनानगर-लोणावळा फेऱ्या करतेच. तो पुढं तुमच्या दारापर्यंत येईल.

लग्न होऊन पंधरा दिवस झाले. माझी लेक अपेक्षा तुमच्या घरी नांदायला आली. तीन पोरींतलं ते शेंडेफळ. जावई समर्थराव तर सोन्यासारखा मुलगा. मला खरं म्हणजे भाताच्या पेंढ्यावर पाय पसरून बसायला हवं होतं. पण घास गोड लागत नाही, आणि त्याला कारण तुम्ही आहात, असं स्पष्टच लिहितो.

लग्नाच्या सकाळी आठला व्याहीभेट. मी दोन्ही हात पसरून गळाभेटीला आलो. तुम्ही हात मांड्यांना चिकटवून सिग्नलच्या खांबासारखे उभे. हार माझ्या गळ्यात घालायचा, तो तुम्ही भाजीवाला जुडी देतो तसा माझ्या हातात दिलात. बरं, तेही सोडलं. नथूनं तुम्हाला मानाचा फेटा बांधला, तो अक्षता पडायच्या आत तुम्ही उतरवून खुर्चीच्या पाठीला अडकवलात. सगळी तिकोणा पेठ नवरा-नवरी सोडून त्या खुर्चीकडं बघत होती. पुढं मांडवपरतणीला आलात, मटणाच्या तिसऱ्या घासाला तुमचा जबडा थांबला, माझ्याकडं एकदा बघितलंत आणि ताट बाजूला सारलंत. मटण शालूबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, स्वतः रांधलं होतं. त्या दिवसापासून ती मसाल्याच्या डब्याकडं संशयानं बघते.

काय कमी पडलं ते एकदा सांगून टाका. मांडवातली अर्ध्या बाजूची लाईट गेली, ती चूक जनरेटरवाल्याची, पण मांडव माझा म्हणून माझी. राग माझ्यावर काढा. पोरीवर नको, एवढंच मागणं.

सोबत गावरान कोंबडा धाडतोय. मार्गशीर्ष पाळत असाल तर संपल्यावर करा. रस्सा पोटात गेला की मनातलंही उतरेल.

तुमचा,
दत्तोबा


कुरवंडे,
दि. १४ डिसेंबर २०२४
जावक क्र. १

व्याही दत्तोबा यांस,

आपले दि. ९ चे पत्र व कोंबडा नग एक मिळाला. खुलासा पुढीलप्रमाणे.

मी घाटात रेल्वेच्या रुळांवर पस्तीस वर्षे काढली. शेवटची अकरा वर्षे गँगचा मुकादम होतो. कुठे उशिरा पोचलो नाही आणि कुणाचा मान मोडला नाही. मला राग आलेला नाही. आला असता तर लेखी कळवला असता.

व्याहीभेटीबाबत: सकाळी दहापर्यंत माझे खांदे आखडलेले असतात. हात छातीच्या वर जात नाहीत. आमच्याकडची गार हवा, दुसरे काय. भेट दहानंतर ठेवली असती तर आपल्याला उचलूनसुद्धा घेतले असते. मुहूर्त आपल्या गुरुजींनी काढला होता.

फेट्याबाबत: घट्ट होता. हल्ली डोक्याला कंगवा लागला तरी केसांच्या मुळातून ठणका उठतो. अशा वेळी मोकळी हवा बरी. फेटा खुर्चीवर ठेवला, जमिनीवर नाही, याची नोंद घ्यावी.

मटणाबाबत: उत्तम. तीन घास खाल्ले ते उत्तम होते म्हणूनच.

लाईटचे माझ्या मनातही नव्हते.

अपेक्षा सुखात आहे. व्याह्याचा माणूस दारातून रिकामा परत पाठवायचा नाही, ही आमच्या घराण्याची रीत आहे. ती आजवर मोडलेली नाही. त्यानुसार नथूबरोबर चिक्कीचे दोन पुडे देत आहे.

मार्गशीर्षामुळे कोंबडा वेटिंगवर आहे. प्रकृती ठणठणीत. कोंबड्याची.

सीताराम


तिकोणा पेठ,
१२ जानेवारी २०२५

सीतारामराव,

मार्गशीर्ष संपून बारा दिवस झाले. नथू परवा तुमच्याकडं येऊन गेला आणि सांगतो की कोंबडा अंगणात छाती काढून फिरतोय, पूर्वीपेक्षा जाड झालाय आणि घरच्यासारखा थेट स्वयंपाकघरात जातो.

मी हे शालूबाईला सांगितलं. ती जे बोलली ते माझ्या कानात ओरडून बोलली, म्हणजे सगळ्या आळीला कळलं. ती म्हणाली, "व्याह्यानं दिलेला कोंबडा जित्ता ठेवत्यात व्हय? त्यापरास परत धाडला असता तर बरं झालं असतं!"

नथूचंही मन दुखावलंय. "काका, दोनशेच्या वर फेटे बांधले मी. एकाचं डोकं दुखलं न्हाई. ह्या मामांचं दुखणं फेट्यात न्हाई, दुसरीकडंच कुटंतरी हाये," असं तो मला पाटीवर लिहून दाखवतो. त्याचं अक्षर तुमच्यापेक्षा वाईट आहे, पण मुद्दा बरोबर वाटतो.

आणि खरी गोष्ट पुढंच आहे. नथू तुमच्याकडं जेवायला थांबला होता. अपेक्षानं तव्यावरची नाचणीची भाकरी तुमच्या ताटात वाढली. तुम्ही मधला भाग दुधात बुडवून त्याचा लगदा केलात आणि सगळ्या कडा पाटाशेजारी बसलेल्या कोंबड्याला टाकल्यात. माझ्याच कोंबड्याला! माझ्याच लेकीची भाकरी! सीतारामराव, तिच्या भाकरीला आमच्याकडं आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. तिची आजी मरताना म्हणाली होती, अपेक्षाच्या हातची भाकरी आणा.

पहिली संक्रांत आहे. शालूबाईनं राग गिळून तिळाच्या वड्या थापल्यात. चाळीस आहेत. त्या तरी स्वतःच्या दातांनी चावा.

दत्तोबा


कुरवंडे,
दि. १८ जानेवारी २०२५
जावक क्र. २ (गोपनीय)

व्याही दत्तोबा यांस,

तिळाच्या वड्या नग चाळीस मिळाल्या. तोंड गोड झाले. शेजारच्या चार घरांचे.

भाकरीत दोष नाही. चार घास चावले की माझे दोन्ही जबडे थकतात. मालगाडी घाट चढताना मध्येच थांबते आणि मागून ढकलायला इंजिन लावावे लागते, तसे होते. पाच मिनिटे तोंड बंद ठेवले की पुन्हा चालू. पण पाच मिनिटे तोंड बंद ठेवून बसलेला माणूस लोकांना रुसलेला दिसतो, त्याला माझा इलाज नाही.

दाढेचे असेल म्हणून लोणावळ्यात दातांच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, "काका, दाढ चांगली आहे." मी म्हणालो, "माझी आहे ना? काढा." पाऊण तास वाद घालून काढायला लावली. दुखणे जागेवर आहे. दाढ मात्र गेली.

अंगात कणकण असते. पायजम्याची नाडी चार बोटे जास्त ओढावी लागते. सकाळी सदरा घालायला हिरा मदत करते. हे वयाचे आहे.

परवा मंदिरात भजनाला बसलो असता आमच्याकडे लाईट गेली. फक्त उजव्या बाजूची. एक अभंग संपेपर्यंत अर्धे मंदिर काळे. मी "लाईट गेली" म्हणालो तर टाळकरी माझ्याकडेच बघायला लागले. मग आपोआप आली. कुरवंड्यात लाईट अशी अर्धी जाते हे मला नवीन होते.

वरीलपैकी काहीही कुणाला सांगू नये. घरात तर बोलायचेच नाही, अपेक्षाला मुळीच नाही. शालूबाईंनाही सांगू नये, कारण त्या आपल्या कानात बोलतात.

सीताराम


तिकोणा पेठ,
२३ जानेवारी २०२५

सीतारामराव,

तुमचा टोमणा पोचला. 'अर्धी लाईट'! माझ्या मांडवातली अर्धी लाईट गेली होती ती दोन महिने मनात धरून ठेवलीत, आणि आता देवळाचं नाव घेऊन तोंडावर मारलीत. वर लिहिता, मनातही नव्हते.

एक सांगू का? खरं बोलणारा माणूस एक कारण देतो. तुम्ही फेट्याला एक, भाकरीला एक, भेटीला एक, अशी प्रत्येक गोष्टीला वेगळी कारणं दिलीत. एका माणसाला एवढं सगळं एकाच वेळी होतं कसं?

रविवारी, २ फेब्रुवारीला, पवनानगरला चार सोयरे बसवतोय. तुमची सगळी पत्रं माझ्याकडं तारेला ओवून ठेवलेली आहेत. त्यावरून कलमवार यादी करतोय. तुमच्याकडूनही चार माणसं आणा. मोकळं होऊ द्या एकदा. लेक तुमच्या घरात असताना हे असं कुजत ठेवणं मला जमणार नाही.

दत्तोबा


कुरवंडे,
२७ जानेवारी २०२५

प्रिय अप्पा,

नथूदादानं सगळं सांगितलं. यादी करू नका. तुमच्या पाया पडते.

इथं मला कुणी काही बोलत नाही. आबा म्हणजे माझे सासरे तर उलटच आहेत. भाकरी वाढली की दर वेळी म्हणतात, "झकास झालीय पोरी." आणि माझी पाठ फिरली की कोंबड्याला घालतात. मी कपाटाच्या काचेत सगळं बघते. कोंबडा त्यांच्या पाटाशेजारी माझ्या आधी येऊन बसतो.

मला वाटतं ते माझ्यावर नाही, कशावर तरी आतल्या आत चिडलेले असतात. उजव्या कानशिलावर एक शीर सुतळीसारखी तटतटलेली दिसते. रागाची शीर असावी. तिथं हात धरून बसतात. मी विचारलं, "आबा, डोकं दाबून देऊ?" तर एकदम म्हणाले, "मला काही झालेलं नाही. कुणी विचारलं तर असंच सांगायचं. शेजाऱ्यांनी विचारलं तर दोनदा सांगायचं."

सासूबाईंनाही कळत नाही. त्या म्हणतात, पस्तीस वर्षं रेल्वेला घाबरवलं, आता आपल्याला घाबरवतात.

मी काय करू ते लिहा. ओरडू नका, नुसतं लिहा.

तुमची,
अपेक्षा


पवनानगर,
२९ जानेवारी २०२५, सकाळचे अकरा

सीतारामराव,

हे पत्र उभ्यानं लिहितोय, इथल्या दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, त्यांच्याच पेनानं. बाहेर नथू गाडी चालू ठेवून उभा आहे.

झालं असं. यादी करता करता माझंच रक्त तापलं. चक्कर आली म्हणून शालूबाईनं मला इथं आणलं. सविता नावाची तरुण डॉक्टर आहे. माझ्या कानांमुळं ती माझ्याशी कागदावर लिहून बोलते. तिनं लिहिलं, "बीपी वाढलंय. कसली काळजी आहे का?" मी म्हणालो, "व्याही."

ती हसली. मी म्हटलं, हसू नका, तिऱ्हाईत माणूस म्हणून न्याय करा, आणि खिशातून यादी काढून मोठ्यानं वाचायला लागलो. कलम एक, मानाचा फेटा डोक्यावर सहन होत नाही. कलम दोन, तिसऱ्या घासाला जबडा थांबवतो. तीन, सकाळी भेटीला हात वर करत नाही. चार, चांगली दाढ हट्टानं उपटली. पाच, कानशिलावर रागाची शीर. इथपर्यंत तिचं हसू पार गेलं होतं. मला वाटलं, माझी बाजू पटली. सहावं कलम, 'अर्धी लाईट', वाचलं मात्र, तिनं माझ्या हातातली यादी ओढूनच घेतली.

मग एकामागून एक लिहून विचारायला लागली.

"वय?"

"एकोणसत्तर," मी म्हटलं.

"लाईट गेली तेव्हा बाकीच्यांना दिसत होतं?"

"दिसत होतं की! सगळे त्यांच्याकडंच बघत होते."

हे बोलता बोलता माझ्या तोंडचं पाणी पळालं, सीतारामराव. लाईट देवळातली गेली नव्हती. तुमच्या डोळ्यातली गेली होती.

तिनं लिहिलेला कागद तसाच जोडतोय. वाचा: "हा राग नसून आजार असावा. डोक्याकडे आणि डोळ्यांकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना आतून सूज येते. आपल्याकडे क्वचित दिसतो. खात्री तपासणीनंतरच होईल, पण उशीर झाला तर डोळा जातो आणि गेलेला डोळा परत येत नाही. त्यांना आज आणा." 'आज'च्या खाली तिनं इतक्या जोरात रेघ मारलीय की कागद फाटलाय.

दोन महिने मी तुमचं दुखणं एकेक करून टिपलं आणि वर 'अपमान' असं नाव घातलं. मला काय म्हणायचं ते नंतर लेखी कळवा.

आता तुम्ही 'प्रकृती उत्तम' म्हणणार, मला माहीत आहे. म्हणून नथूला मी मुराळी करून धाडलाय. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला धाडतात तसा, पण तुमच्यासाठी. व्याह्याचा माणूस रिकामा परत पाठवायचा नाही ही तुमच्या घराण्याची रीत तुम्हीच मला लिहून दिलीय. जावक क्रमांक एक. तारेला ओवलेला आहे.

या.

दत्तोबा


कुरवंडे,
दि. २९ जानेवारी २०२५, वेळ १३.१०
जावक क्र. ३

व्याही दत्तोबा यांस,

प्रकृती उत्तम आहे. मुराळी सासुरवाशिणीसाठी असतो, निवृत्त मुकादमासाठी नसतो, याची नोंद घ्यावी.

तथापि व्याह्याचा माणूस रिकामा परत पाठवता येत नाही. वड्या वाटून झाल्या आहेत आणि चिक्की संपली आहे. देण्यासारखे घरात दुसरे काही नसल्याने नाइलाजाने स्वतःलाच देत आहे. हे पत्र मीच आपल्या हातात देईन, कारण तोंडी सांगितले तर आपल्याला ऐकू येणार नाही.

कोंबडा अपेक्षाच्या ताब्यात दिला आहे.

सीताराम


पुणे, दवाखाना, खाट क्र. १७
दि. १२ फेब्रुवारी २०२५
जावक क्र. ४

व्याही दत्तोबा यांस,

त्या दिवशी जीपमध्ये काय झाले ते मी नथूला सांगितले नव्हते. आपल्याला कळवतो. दुधिवरे खिंडीत उजव्या बाजूची लाईट पुन्हा गेली. मी अभंग मोजावेत तसे मनात मोजत राहिलो. खिंड संपली, पवना धरण दिसायला लागले, तरी आली नाही. निम्मेच धरण दिसत होते. पस्तीस वर्षे मागून गाडी येत असताना रुळांवर काम केले, कधी भ्यालो नव्हतो. तेव्हा भ्यालो.

डॉक्टर सविता यांनी तपासणीची वाट न बघता तिथेच गोळ्या चालू केल्या आणि तसेच पुण्याला पाठवले. इथे रक्त तपासले. कानशिलाच्या त्या शिरेचा तांदळाएवढा तुकडा काढून यंत्राखाली बघितला. त्यांचा अंदाज खरा निघाला. मोठे डॉक्टर म्हणाले की या आजाराची सुरुवात अशीच होते. डोके, जबडा, खांदे, बारीक ताप, वजन उतरणे, सगळे सुटेसुटे. माणूस एकेकाला वेगळे कारण देत बसतो आणि कुणी एका कागदावर मांडत नाही. मग त्यांनी फाइलला लावलेला एक कागद वर करून विचारले, "ही कलमवार माहिती इतकी व्यवस्थित कुणी लिहिली?" मी म्हणालो, माझ्याविरुद्ध आहे ती.

हिशोब असा: उजव्या डोळ्यातली खालची पट्टी गेली ती गेली. जेवताना ताटाची अलीकडची कड दिसत नाही. बाकी सगळे दिसते. डावा डोळा साफ आहे. आणखी चार दिवस घरात रुसून बसलो असतो तर दोन्ही गेले असते, असे त्यांनी स्वच्छ सांगितले.

दुसऱ्या दिवशी डोक्याचा ठणका उतरला. तिसऱ्या दिवशी पहाटे हात वर गेले. नर्स धावत आली, तिला वाटले काही मागतोय. मी नुसते वर करून बघत होतो.

आता तो खुलासा, जो क्रमांक एकमध्येच द्यायला हवा होता. दुखणे साखरपुड्याच्या आधीपासून होते. थोडे होते म्हणून लपवले. लग्नानंतर वाढले तेव्हा तर बोलण्याची सोयच राहिली नाही. सून उंबरा ओलांडून आत आली आणि सासरा खाटेला लागला, तर गावात काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे. पायगुण. माझी आई लग्न होऊन आली त्या आठवड्यात घरातला बैल मेला. चाळीस वर्षे ती त्या बैलावरून ऐकून घेत होती. म्हणून ठरवले की निदान पाडव्यापर्यंत गप्प बसायचे, दुखले तर दुखले. आपण मला रुसलेला ठरवलेत, ते मी चालवून घेतले. रुसलेला सासरा लोकांना लगेच समजतो. त्याचा दोष सुनेवर येत नाही.

आपल्याला मात्र त्याचा एवढा त्रास होईल असे वाटले नव्हते. त्याबद्दल दिलगीर आहे. हा शब्द मी नोकरीत एकदाच वापरला होता.

सीताराम


तिकोणा पेठ,
२० फेब्रुवारी २०२५

सीतारामराव,

तुमचं पत्र मी शालूबाईला वाचायला दिलं. ती तुमच्या आईच्या बैलापाशी आली आणि थांबली. उठली आणि चुलीपाशी जाऊन बसली. मग येऊन पाटीवर लिहिलं, "अशा माणसाला मी मटनावरून बोलले." मी खाली लिहिलं, "मी कशाकशावरून बोललो ते मोज."

मला आपली लेक तुमच्या रागातून वाचवायची होती. आणि तुम्ही तिलाच वाचवायला तोंड शिवून, डोळा पणाला लावून बसला होतात. दोन म्हातारे एकाच पोरीची राखण करत होते, आणि एकमेकांनाच चोर समजत होते. पण एक सांगतो आणि हे हक्कानं सांगतो: पुन्हा असं केलंत तर खरी यादी करीन. पायगुण लोक बोलतील, आपण उत्तर देऊ. डोळ्याला काय उत्तर देणार होता?

सोयऱ्यांची बैठक मोडायला वेळच मिळाला नाही. सगळे जमले. मी उभा राहून काय झालं ते सांगितलं. सगळ्यांनी तुमच्या डोळ्याची चौकशी केली, मग चहा-भजी खाऊन गेले.

पाडव्याला सहकुटुंब या. व्याहीभेट राहिलीय. मुहूर्त दहानंतरचा. नथू सैल फेट्याचा सराव माझ्या डोक्यावर करतोय. पहिला फेटा नाकापर्यंत उतरला. ऐकू येत नव्हतंच, दिसायचंही बंद झालं.

आणि आता जबडा चालू झालाय, तर त्या कोंबड्याचं बघा की.

तुमचा,
दत्तोबा


कुरवंडे,
दि. ३ एप्रिल २०२५
जावक क्र. ५

व्याही दत्तोबा यांस,

पाडव्याचा पाहुणचार उत्तम झाला. फेटा जेवण होईपर्यंत डोक्यावर होता, याची नथूने नोंद घ्यावी. व्याहीभेटीत आपल्याला उचलले तेव्हा आपली कंबर लचकली असे कळले. कळवल्याप्रमाणेच केले होते. जावक क्रमांक एक बघावा.

गोळ्या चालू आहेत. एकदम थांबवायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या, वर्ष-दीड वर्ष लागेल. त्यांच्यामुळे साखर वाढते म्हणून गोड बंद, आणि भूक अशी लागते की मी दिवसातून चार वेळा स्वयंपाकघराच्या दारात उभा असतो. तोंड गोल झाले आहे. शेजारीण म्हणाली, "सून आली आन् सासरा काय सुधारला बगा!" तेवढ्यावर भागले असते. पण मी परवा भजन सुरू व्हायच्या आधी उभा राहिलो आणि सगळ्या टाळकऱ्यांना तारीखवार सांगितले: दुखणे कधीपासून होते, लपवले का, मुराळी कुणी पाठवला आणि डोळे कुणामुळे राहिले. शेवटी म्हणालो, पायगुण म्हणायचेच असेल तर याला म्हणा. लाईट पूर्ण होती. सगळे दिसत होते, खालची कड सोडून.

त्या कडेची अडचण अपेक्षाने सोडवली. ती आता ताट माझ्यापासून वीतभर लांब ठेवते. मी सांगितले नव्हते.

कोंबड्याबाबत: आपली सूचना घरात मांडली. अपेक्षा आणि हिरा दोघीही दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. प्रस्ताव मागे घेतला आहे.

काल तिने नाचणीची भाकरी वाढली. कोंबडा नेहमीप्रमाणे पाटाशेजारी येऊन बसला. मी पूर्ण भाकरी खाल्ली, कडांसकट, चावून. दुसरी मागितली, तीही खाल्ली. कोंबड्याने शेवटच्या घासापर्यंत वाट बघितली, माझ्याकडे एकदा बघितले, आणि मान फिरवून निघून गेला. आज सकाळपासून अंगणाच्या कोपऱ्यात पाठ करून उभा आहे. दाणे टाकले, शिवला नाही. जवळ गेलो तर बघत नाही.

आपल्या गावचा आहे. रुसला आहे. समजूत काढायला कधी येता, ते लेखी कळवावे.

सीताराम